तिसऱ्या कडव्यानंतर

रेडिओ केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत मी अठरा वर्षं काम केलं. खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड करडं कापड ठोकलेलं, एक टेबल, दोन टेपयंत्रं, एक तबकडी वाजवायचं यंत्र आणि एक खुर्ची. जुन्या लाखेच्या तबकड्या वरच्या मजल्यावरून माझ्याकडे यायच्या. मी त्या मऊ कुंचल्यानं पुसायची, टेपवर उतरवायची आणि त्यातली खरखर जमेल तेवढी काढून टाकायची. कुठे टिचकी असली तर टेपचा तेवढा बारीक तुकडा ब्लेडनं कापून टोकं पुन्हा चिकटवायची. नीट चिकटवलं तर ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

हे काम मला आवडायचं, कारण त्यात भावनेला फारसा वाव नव्हता. आवाज म्हणजे हवेची थरथर. नको ती थरथर काढायची, हवी ती ठेवायची.

घरी आम्ही तिघं. बाबांनी तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, यंत्रांच्या शेजारी बसून, त्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं. धाकटा म्हणायचा, "बाबांच्या वाटणीचे कानसुद्धा ताईनंच ढापलेत." धाकटा म्हणजे माझा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सतरा. त्याला अंघोळ घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं मीच केलं. पुढे तो सैन्यात गाड्यांच्या दुरुस्तीच्या कामावर लागला. बिघडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. सुट्टीवर आला की पहिल्या दोन दिवसांत घरातले नळ, कड्या, शिलाईयंत्र, सगळं सुतासारखं सरळ करून ठेवायचा.

त्या वर्षी लढाईला तोंड लागलं आणि त्याची सुट्टी अर्ध्यावर तुटली. गुरुवारी सकाळी अकरा वीसच्या गाडीनं निघायचा हुकूम आला.

त्याच आठवड्यात, सोमवारी, केंद्रप्रमुख स्वतः खाली आले. हातात कागदात गुंडाळलेली तबकडी होती.

"हे ओळखता?" त्यांनी विचारलं.

लेबल बघितलं आणि ओळखलं. मागच्या लढाईतलं गाणं. तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण आई कपडे वाळत घालताना ते गुणगुणायची. स्टेशनावर नवऱ्याला निरोप द्यायला आलेल्या बाईचं गाणं:

*खिडकीपाशी बैस सख्या, मज नीट तुला पाहू दे,*
*धूर जरासा हटू दे, मग गाडी जाते जाऊ दे.*

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून रोज दुपारी एकला लावायचंय," केंद्रप्रमुख म्हणाले. "वरून आलंय. रोज गाड्या भरून पोरं चाललीत. लोकांना रडायला काहीतरी लागतं हो."

तबकडी चांगली होती. गाणारीचा आवाज पातळ पण स्थिर, मागे पेटी आणि व्हायोलिन. तिसरं कडवं संपलं की वाद्यं थांबतात आणि खऱ्याखुऱ्या स्टेशनाचा आवाज येतो: इंजिनाची वाफ, शिट्टी, चाकं फिरू लागतात, आणि त्या सगळ्याखाली माणसांचा कल्लोळ. असा बावीस सेकंदांचा शेवट. त्या काळी लोक म्हणे या शेवटासाठीच ते गाणं लावायचे.

सोमवारी दुपारी मी ते टेपवर उतरवलं. शिट्टी फार कर्कश होती. शिट्टीचा सूर एका ठरावीक पट्टीत असतो. तेवढीच पट्टी दाबली की बाकीचं मोकळं होतं. मी तसं केलं आणि हेडफोन कानाला लावून ऐकलं.

गर्दी होती. बायका, पुरुष, एक लहान मूल. शब्द लागत नव्हते. शेवटच्या चार सेकंदांत मात्र एक तरुण आवाज बाकीच्यांपेक्षा जवळ होता. त्याचा पहिला शब्द स्पष्ट होता. "ताई."

मंगळवारी मी त्यातली आणखी वाफ कमी केली.

"ताई," आणि मधे काहीतरी, आणि मग "खिशात राहिला."

मला हसूच आलं. केवढा मोठा निरोप, केवढं दुःख, आणि माणूस ओरडतोय काय, तर खिशात काहीतरी राहिलं. वरच्या मजल्यावरचे निवेदक जिन्यावरून चालले होते, त्यांना मी आत बोलावलं. अविवाहित माणूस, आईवडील कधीच गेलेले, ना पुढे कोणी ना मागे. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, तीनदा ऐकलं.

"वाफ आहे," ते म्हणाले.

"आणि माणसं?"

"माणसं कुठायत? नुसतं इंजिन ऐकू येतंय." त्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "भाऊ चाललाय ना तुमचा? चार दिवस रजा टाका."

मी त्यांच्या कानांना दोष दिला. निवेदकांना स्वतःच्या आवाजापलीकडे काही ऐकायची सवय नसते.

बुधवारी सकाळी पहारेकऱ्यानं एका बाईंना माझ्याकडे आणून सोडलं. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, हातात कापडी पिशवी. तीन तासांचा बसप्रवास करून आल्या होत्या. ते गाणं पुन्हा लागणार असल्याची घोषणा त्यांनी ऐकली होती.

"ते लावू नका," त्या म्हणाल्या. "तेवढं सांगायला आलेय."

मी त्यांना माझी खुर्ची दिली आणि स्वतः टेबलाला टेकून उभी राहिले. "का हो, आजी?"

"त्याच्या शेवटाला आमचे हे बोलतात."

असं होऊ शकतं, मी म्हटलं. तबकडी काढली तेव्हा तुमचे यजमान त्या फलाटावर असतील, त्यांचा आवाज टिपला गेला असेल. उलट चांगलंच नाही का ते?

त्यांनी पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळले. "तबकडी जूनमध्ये आली. शेजारी वाजायची. मी भिंतीला कान लावून ऐकायचे. 'मागच्या दाराची कडी राहिलीय गं,' असं ते ओरडायचे. मी यांना म्हटलं, तुम्ही कधी गेला होतात स्टेशनात? हे हसले. म्हणाले, अगं, मी तर इथं तुझ्या समोर बसलोय. ते गेले ऑगस्टच्या तीन तारखेला. गाडी हलली तेव्हा खिडकीतून वाकून काहीतरी ओरडले. शिट्टीत काही ऐकू आलं नाही. मला ऐकायची गरजही नव्हती. मी घरी आले तर मागचं दार सताड उघडं."

मी हात लांबवून टेपयंत्र बंद केलं.

"आवाजात चूक होऊ शकते," मी म्हटलं. "विशेषतः माणूस आपला असला की."

"हे परत आले नाहीत, मग मी टेलिफोन खात्यात लागले, बाई. एकतीस वर्षं. हजारो आवाज या कानांतून गेले. आवाज ओळखण्यात माझी चूक होत नाही." आणि मग उठता उठता त्यांनी विचारलं, "तुमचं कोणी बोलतंय का त्यात?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. जिन्यापाशी वळून एवढंच म्हणाल्या, "मी तेव्हा त्यांना अडवलं नाही. वाटलं, लोक हसतील."

त्या गेल्यावर मी जुन्या दफ्तराच्या खोलीत गेले. तबकडी कंपनीनं आपली सगळी ध्वनिमुद्रणाची टिपणं केंद्राला देऊन टाकली होती. धुळीनं भरलेल्या अकरा वह्या. त्या गाण्याचं पान सापडायला तासभर लागला. ध्वनिमुद्रकानं निळ्या शाईत, बारीक अक्षरात लिहिलं होतं: रेल्वेचा आवाज रविवारी सकाळी मालधक्क्यावर घेतला. इंजिन आणि सहा रिकामे डबे. यार्ड बंद असल्यामुळे इंजिनचालक व आमचे दोन इसम सोडून कोणी हजर नव्हते. गर्दीचा आवाज नंतर भरावा, असा विचार होता. परंतु ऐकल्यावर आवश्यक वाटला नाही.

शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

खाली येऊन टेप पुन्हा लावली. मला आता भीती वाटत होती असं नाही. एखाद्या बेरजेचं उत्तर चुकलं की वाटते तशी चीड येत होती. मी मधली पट्टी थोडी उचलली, खालची दाबली. आणि वाक्य आलं. पूर्ण आलं, समोर उभं राहून कोणी बोलावं तसं.

"ताई, बाबांचा चष्मा माझ्याच खिशात राहिला!"

'राहिला' म्हणताना 'रा' जरा ओढलेला. सहा वर्षांचा असताना पुढचे दोन दात पडले, तेव्हापासून तो तसा ओढायचा. मी कितीदा त्यासाठी रागावले होते.

घरी आले तेव्हा बाबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी तिथेच पाटावर बसले. धाकटा ट्रंकेला पट्टा आवळत होता.

"बाबा, काडी ढिली झालीय तुमची," तो मोठ्यानं म्हणाला. "आणा, बसवून देतो."

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडे पाहू लागले.

"मी दुकानात देईन," मी म्हटलं. "तू तुझं आवर."

बाबा झोपायला गेल्यावर मी धाकट्याला विचारलं, "उद्या नाही गेलास तर?"

"ताई, ही काय शाळा आहे, पोट दुखतंय म्हणून बुडवायला?" तो हसला. मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला. "काय झालं?"

सांगायचं ओठांवर आलं होतं. एका जुन्या तबकडीत तुझा आवाज आहे, तू जन्मायच्या आधीच्या. काय सांगणार होते मी? अठरा वर्षं जिचे कान पक्के म्हणून लोक नाव घेतात त्या बाईनं? "काही नाही," मी म्हटलं. "ट्रंकेची किल्ली सांभाळ."

त्या आजी हसण्याला भ्यायल्या होत्या. मी तर त्यांचं ऐकूनही गप्प बसले.

गुरुवारी निघताना मी बाबांच्या नाकावरून चष्मा काढून घेतला आणि माझ्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात ठेवून चेन ओढली. "गर्दीत पडेल," मी त्यांच्या कानाशी म्हटलं. ते माझा दंड धरून चालले. मला वाटलं, एवढं पुरे आहे. वाक्यातला एक शब्द खोटा पाडला की सगळं वाक्य खोटं पडेल.

स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. फलाटावर बायका ट्रंकांवर बसल्या होत्या. कोणी बोलत नव्हतं फारसं. सगळं बोलून झालेलं होतं आणि गाडी सुटत नव्हती. धाकट्याला दाराजवळची जागा मिळाली. तो खाली उतरून आमच्याजवळ उभा राहिला. सव्वाअकरा झाले. उन्हात बाबांना घेरी आल्यासारखं झालं. ते माझ्या खांद्यावर कलले.

"पाणी," धाकटा म्हणाला. "मी आणतो."

"तू हलू नकोस. गाडी सुटेल." मी बाबांना एका ट्रंकेवर बसवलं, पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली आणि तांब्या घेऊन नळाकडे धावले. नळावर रांग होती. माझ्यापुढे चार माणसं. तिसरं माणूस पाणी भरत असताना भोंगा झाला.

मी रिकामा तांब्या घेऊन पळत आले.

गाडी हलली होती. धाकटा दारात, एका हातानं दांडी धरून उभा. दुसरा हात छातीच्या खिशावर आपटत होता. तो मला शोधत होता. मी दिसले तसा पुढे वाकला आणि ओरडला.

भोंगा पुन्हा झाला, लांबलचक.

त्याचे ओठ हलताना दिसले. मला ओठ वाचायची गरज नव्हती. प्रत्येक अक्षर कुठे येतं, 'रा' किती ओढतो, सगळं मला पाठ होतं. चार सेकंद. मग त्याचा डबा खांबामागे गेला.

बाबा ट्रंकेजवळ उभे होते. पर्स उघडी होती. "मीच दिला त्याला," ते अपराधी स्वरात म्हणाले. "डब्याचा आकडा वाचायला काढला, तर काडी निसटली. त्याच्याजवळ छोटा पेचकस होता. मिनिटभराचं काम, म्हणाला." त्यांनी डोळे बारीक करून रुळांकडे पाहिलं. "जाताना काय ओरडला गं तो?"

"पोचलो की पत्र टाकतो म्हणाला," मी त्यांच्या कानात मोठ्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रप्रमुखांकडे गेले. तबकडी फार झिजलीय, प्रसारणाच्या लायकीची नाही, असं म्हटलं. त्यांनी माझी टेप मागवून ऐकली. गाणं संपेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले होते. "इतकं स्वच्छ काम तुम्ही आजवर केलं नसेल," ते म्हणाले. मी म्हटलं, निदान शेवटचं इंजिन काढू द्या, खरखर फार आहे त्यात. ते जरा नाखूश दिसले, पण हो म्हणाले.

मी खाली येऊन तिसऱ्या कडव्यानंतरची टेप कापली. बावीस सेकंदांची टेप नऊ-दहा हात लांब होते. मी ती कात्रीनं बारीक बारीक तुकडे करून टाकली. जिथे कापलं तिथे चार सेकंदांची कोरी टेप जोडली, निवेदकांना श्वास घ्यायला. सांधा तपासला. स्वच्छ होता.

त्याची दोन पत्रं आली. दुसऱ्यात लिहिलं होतं की चष्मा जपून ठेवलाय, कोणी इकडून येणारं भेटलं की पाठवतो. तोवर बाबांना नवा करून घ्या.

एकोणिसाव्या दिवशी तार आली. बाबांचा नवा चष्मा अजून तयार व्हायचा होता. त्यांनी तार हातात घेतली, उलटसुलट केली आणि माझ्याकडे दिली. बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून ती मला मोठ्यानं वाचावी लागली. दोनदा.

तारेनंतर चौथ्या दिवशी मी कामावर गेले. कोणाशी न बोलता खाली उतरले, दार लावून घेतलं आणि कपाटातून ती मूळ तबकडी काढली. त्याचा आवाज कुठेच नव्हता आमच्याकडे. फोटो होते, पत्रं होती, लहानपणीचं बनियन होतं. दुसऱ्यांचे आवाज जपण्यात माझा जन्म गेला, आणि त्याला एकदाही यंत्रासमोर बसवलं नव्हतं. ते चार सेकंद, तेवढेच होते.

सुई ठेवली. गाणं झालं. तिसरं कडवं झालं. मी शिट्टीची पट्टी दाबली, वाफ उतरवली, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी जे जे केलं होतं ते सगळं त्याच क्रमानं केलं.

इंजिन होतं. सहा रिकामे डबे एकमेकांवर आपटत होते.

मी पुन्हा लावलं. संध्याकाळपर्यंत लावत राहिले. एवढं करूनही त्याचा ओढलेला 'रा' एकदाही ऐकू आला नाही. शेवटी सुईच बोथट झाली.

सोमवारी गाणं लागायचं होतं. मला त्या इमारतीत थांबवेना. पावणेएकला बाहेर पडले आणि मागच्या गल्लीतून चालत राहिले. दुपारची वेळ, ऊन डोक्यावर. जवळजवळ प्रत्येक घरातून रेडिओ चालू होता. एकाच वेळी सगळीकडून गाणं सुरू झालं आणि मी चालले तशी ती पातळ आवाजाची बाई माझ्याबरोबर खिडकी-खिडकीतून गात आली.

एका शिवणकामाच्या दुकानापाशी मी थांबले. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. माझ्याच वयाच्या एक बाई यंत्रावर वाकून लष्करी गणवेशाच्या पँटची शिवण उसवत होत्या, लांबी वाढवायला. ओठांत टाचण्या. फळीवर रेडिओ. मागच्या खोलीच्या दाराला पडदा, आणि पडद्यापलीकडे ताटावाटीचा आवाज.

तिसरं कडवं संपलं. मी कापलं होतं तिथेच गाणं तुटलं. सांध्याची टिचकीही आली नाही. पुढे माझी चार सेकंदांची कोरी टेप. मला काहीही ऐकू आलं नाही, अगदी काहीही नाही.

वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, "काय? नीट सांग ना."

समोरच्या सायकलवाल्याच्या दुकानातून एक म्हातारा हळूच म्हणाला, "बरं, बरं."

शिवणाऱ्या बाईंनी यंत्रावरचा पाय उचलला. ओठांतल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या, मान वळवून रेडिओकडे पाहिलं आणि रोज बोलावं तशा सुरात म्हणाल्या, "हो रे, घेतलीय मी. तू जा नीट."

पडद्यापलीकडचा ताटावाटीचा आवाज थांबला.

"आई," आतून एका तरुण मुलानं विचारलं, "कोणाशी बोलतेयस?"